ॲव्हरेजवाले नाना

‘काय नाना, कसं काय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘सध्या १९ देतेय.’ आकडा गाडीचा, तब्येतीची चौकशी वाऱ्यावर. असा एक ॲव्हरेजवाला प्रत्येक सोसायटीत असतो. कोथरूडात विंगेगणिक एक असावा. गाड्यांचा अधिकृत ॲव्हरेज तपासणारी एआरएआय तिथल्याच टेकडीवर ना! प्रयोगशाळेत गाडी रोलरवर धावते; वाटेत पौड फाट्याचा सिग्नल नाही की आडवी येणारी रिक्षा नाही. तरी तोच आकडा टेकडीखाली काढून दाखवायचा, हा नानांचा पण.

पंपावर ते आधी शून्य बघतात. नोझल ‘कट’ झालं की बस. ‘राउंड फिगर करू का, साहेब?’ म्हणणाऱ्या पोऱ्याकडे त्याने खिशात हात घातल्यासारखे बघतात. कट टू कट भरायचं, मधल्या किलोमीटरांना लिटरने भागायचं. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेज त्यांना मान्य नाही. ‘स्वतःचा पेपर स्वतःच तपासलाय त्याने!’

हवा बघावी तर नानांनीच. भल्या सकाळी, टायर गार असताना, स्वतःचा गेज लावून, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. हवा कमी असली की टायर जास्त दबतं आणि गाडी ओढायला पेट्रोल जास्त लागतं, हे वॉचमनलाही पाठ झालंय. पाहुणे आले की नाना आधी त्यांच्या चाकांजवळ हात नेतात. एखादंच चाक जास्त तापलेलं लागलं की ‘ब्रेक धरतोय!’ चहा त्यानंतर. आणि खोटं कशाला बोला, निदान सहसा चुकत नाही.

कात्रजच्या उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्या पुतण्याला तर त्यांनी गाडीतून उतरवायचंच बाकी ठेवलं होतं. ‘अरे, गिअरमध्ये ठेवून पाय काढ! इंजेक्शनची गाडी उतारावर पेट्रोल आपणहून तोडते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.’

डिक्कीतलं ओझंही हिशेबात असतं. ‘तुझ्या माहेरच्या आंब्यांनी अर्धा किलोमीटर खाल्ला,’ हे नानी दर उन्हाळ्यात ऐकतात. त्याच उन्हाळ्यात एसी बंद, कारण तो पेट्रोल पितो. हायवेला काचाही बंद, कारण उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो. दोन्ही कारणं खरी आहेत. नानींचं त्यावर काय म्हणणं आहे, ते छापता येणार नाही.

नानांचा गेज महिन्यातून एकदा जरूर मागून आणा. मे महिन्यात त्यांनी लिफ्ट देऊ केली, तर मात्र सरळ एसटीने जा.