शेऱ्याखाली सही करा, साहेब

प्रति,
माननीय डेस्क,
शिष्यवृत्ती अर्ज पडताळणी,
पडद्याच्या पलीकडे.

विषय : उत्पन्नाचा दाखला ‘अस्पष्ट’ असल्याबाबत.
संदर्भ : आपलाच शेरा. जावक क्रमांक नाही, सही नाही.

महोदय अथवा महोदया,

आपला शेरा पोचला. ‘डॉक्युमेंट नॉट क्लिअर.’ आमची मुलगी नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या जीओआयच्या, म्हणजे भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या, अर्जावर आपण तो मारलात आणि अर्ज परत पाठवलात. सरकारकडून इतके आटोपशीर पत्र आमच्या घरी आजवर आले नव्हते. धानाच्या चुकाऱ्याचे असो की घरकुलाचे, दोन पाने वाचल्याशिवाय नकार नेमका कशाला आहे ते कळत नाही. आपण तीन शब्दांत उरकलेत. कौतुक वाटले.

एवढेच राहून गेले, की अस्पष्ट काय? अर्जाला जातीचा दाखला होता, जात वैधता होती, गुणपत्रिका, टीसी, रेशनकार्ड, फीची पावती, उत्पन्नाचा दाखला असे सगळे होते. यातला कोणता कागद दिसला नाही, ते आम्हीच ओळखावे अशी आपली अपेक्षा असावी. रात्री जेवणे झाल्यावर मोबाइलवर एकेक कागद उघडून पाहिला, तेव्हा संशय उत्पन्नाच्या दाखल्यावर गेला. आरोपी सापडला असे धरून पुढचे लिहितो. चुकले असेल तर आपण नव्या शेऱ्याने कळवालच.

आता त्या दाखल्याची जन्मकथा ऐका. जून-जुलै म्हणजे आमच्याकडे पऱ्हे टाकायचे, चिखलणीचे, रोवणीचे दिवस. नेमके तेव्हाच कॉलेजांचे प्रवेश आणि दाखल्यांची झुंबड. धानाच्या बांध्या मजुरांवर सोडून मी तलाठ्यांकडे गेलो. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, पण घाईत जुनेच नाव तोंडात येते. त्यांचा अहवाल घेतला, सेवा केंद्रात अर्ज टाकला, आणि सडक अर्जुनीच्या तहसिलीतून दाखला आला. काय देखणा कागद होता! वर बारकोड, खाली तहसीलदारांची डिजिटल सही, मध्ये माझे नाव आणि माझी गरिबी, आकड्यात आणि अक्षरी. एक अक्षर पुसट नव्हते.

मग तो पोर्टलवर चढवायचा होता. पोर्टलची अट, फाइल २५६ केबीच्या आत हवी. सौंदडच्या ऑनलाइन सेंटरवरच्या पोराने दाखला स्कॅन केला तर तो एक एमबीच्या वर निघाला. त्याने तो कॉम्प्रेस केला. तरी जास्तच भरत होता. पुन्हा केला. २४८ वर आला तेव्हा कुठे पोर्टलने गिळला. तोवर बारकोडाच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा पट्टा झाला होता आणि तहसीलदारांची सही चिरडलेल्या मुंगीसारखी दिसत होती. माझ्या उत्पन्नाचा आकडा मात्र डोळे बारीक केले की वाचता येत होता. तेवढ्यात भागेल असे आम्हाला वाटले.

म्हणजे बघा, कागद लहान करा हा हुकूम सरकारचा. लहान केलेला दिसत नाही हा आक्षेपही सरकारचा. आणि मुळात कागदही सरकारचाच! त्याचा क्रमांक अर्जात भरलेला होता. तो टाकला की तहसिलीच्या नोंदीतला मूळ दाखला आपल्यासमोर उघडायला हवा, नाही तर बारकोड छापता कशाला? तहसीलदारांनी संगणकावर तयार केलेला कागद आम्ही छापायचा, छापलेला स्कॅन करायचा, स्कॅन केलेला चिरडायचा आणि आपण तो संगणकावर बघून ‘नीट दिसत नाही’ म्हणायचे. घरात हे वाचून दाखवले तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘त्यायले दिसत नसन त चष्मा लावा म्हना.’ हा अभिप्राय विहित नमुन्यात नाही, तरी नोंद घ्यावी.

बाकीच्या गाऱ्हाण्यांची नुसती यादी देतो, कारण प्रत्येकाचे वेगळे पत्र होईल. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर बंद पडलेला असतो. नंबर बदलायला जावे तर चिखलात आणि कुदळीवर झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो, आणि गावातल्या एकाचे ते खाते सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून ठेवलेले निघाले, त्यालाच पत्ता नव्हता. एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणजे १ एप्रिलला आम्ही श्रीमंत झालो असू असा शासनाचा दाट संशय. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की सर्व्हर झोपतो, मग मुदतवाढ मिळते, मग त्या मुदतवाढीच्या शेवटच्या रात्री तो पुन्हा झोपतो. असो.

ही झाडाझडती कशासाठी चालते तेही मला ठाऊक आहे. महाराष्ट्रात संस्थाचालकांनी बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्तीचे पैसे उचलले आणि सरकारला विशेष चौकशी पथक नेमावे लागले. २०१७ साली महाडीबीटी हे पोर्टल आले ते पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकण्यासाठी. हेतू उत्तम. पहिल्याच वर्षी पोर्टलने मान टाकली आणि सरकारला कागदी अर्जांकडे वळावे लागले, तेही सोडून देऊ. पण न्याय कसा झाला बघा. हात मारला संस्थांनी, आणि दरवर्षी खिसे उलटे करून दाखवायचे पोरांनी.

आता पैशाचे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० राज्याचा. दोन्ही वाटे दोन वाटांनी येतात आणि त्यांची गाठ पडेलच असे नाही. केंद्राची रक्कम पोरीच्या खात्यात पडली की ७ दिवसांत तिने कॉलेजची फी भरायची, असा नियम आहे. उशीर झाला तर जबाबदारी तिची. एकोणीस वर्षांच्या पोरीला ७ दिवस, आणि आपल्या डेस्कावर अर्ज आठवडेच्या आठवडे बसला तर त्याचा जाब विचारणारा कोणी मला अजून भेटलेला नाही. वसतिगृहात राहणाऱ्या नर्सिंगच्या मुलीला निर्वाह भत्ता मिळतो वर्षाला ९,५०० रुपये. महिन्याचे ८०० सुद्धा होत नाहीत. त्यात नागपुरात राहायचे, खायचे, वॉर्डात ड्यूटीला जायचे. तोही परीक्षा झाल्यावर आला तर त्याने निर्वाह कोणाचा होतो?

शिष्यवृत्तीच्या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नका अशी परिपत्रके निघतात. ती कॉलेजच्या फळ्यावर लागतात आणि फळ्याखालच्या खिडकीवर फी मागितली जाते. ‘पोर्टलवर अप्रूव्हल दाखवा, नाही तर परीक्षेचा फॉर्म थांबेल,’ असे आमच्या पोरीला सांगितले. दाखवायला तिच्याजवळ काय होते? आपले तीन शब्द.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, ‘बाबा, एक वर्ष ड्रॉप घेऊ का? पुढच्या वर्षी नीट भरू.’

साहेब, आतापर्यंत गमतीने लिहिले. आता ऐका. आमच्या भागात पोरीने एक वर्ष थांबणे म्हणजे काय, ते आपल्याला माहीत नसेल तर सांगतो. दिवाळीनंतर धान निघतो, हातात चार पैसे येतात आणि पाहुणे फिरू लागतात. पोरगी घरी बसली आहे हे कळायला वेळ लागत नाही. मग मामा बोलतो, काकू बोलते, शेजारी बोलतात, आणि ‘पुढच्या वर्षी नीट भरू’ म्हणणारी पोरगी पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या घरी धान रोवत असते. आपण बटण दाबता तेव्हा अर्ज परत गेला असे आपल्याला वाटते. अर्ज नाही, पोरगी परत येते! आणि ती एकदा आली की तिला पुन्हा कॉलेजात पाठवायचा पर्याय कोणत्याच पोर्टलवर नाही. वीस वर्षे राबून आम्ही ज्या पोरीला नर्सिंगपर्यंत नेले, तिला आपण एक दाखला मोठा करून बघण्याचा कंटाळा केला म्हणून घरी बसवायचे? मी बसवणार नाही. सोसायटीचे कर्ज उचलीन, पण बसवणार नाही.

ही शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हाची. मी स्वतः तिच्यावरच बी. ए. झालो, तेव्हा गोंदिया जिल्हासुद्धा झाला नव्हता, आम्ही भंडाऱ्यात होतो. त्या वेळचे बाबू काही संत नव्हते. पैसे परीक्षा आटोपल्यावर हातात पडत, आणि सुटे नाहीत म्हणून वरची चिल्लर खिडकीच्या आतच राहत असे. पण खिडकीत माणूस असे. कागद बाहेर भिरकावला तर ‘का जी?’ असे विचारता येई. तो खेकसायचा, पण खेकसता खेकसता सांगायचा, ‘जातीचा दाखला कुठे लावला, गाढवा?’ ते ‘गाढवा’ आपल्या ‘नॉट क्लिअर’पेक्षा फार क्लिअर होते. माणूस घरी जाऊन दाखला आणत असे.

भांडायचेच म्हणून मी मुलीच्या कॉलेजात गेलो. आपण तिथे बसत नाही, आपण पुढच्या डेस्कावर असता, हे तिथे गेल्यावर कळले. तिथे होता एक तरुण, कंत्राटी. समोर अर्जांचा ढीग, तोही पडद्यावरचा, म्हणजे कितीही उपसला तरी कमी झालेला दिसत नाही असा. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. कागदावर क्लिक केले की गोल फिरत राहते, दाखला उघडतो न उघडतो तोच लॉगिन संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. रात्री सर्व्हर हलका असतो म्हणून हे लोक घरून, स्वतःच्या नेटवर काम करतात. मी विचारले, ‘मग तुम्ही काय करता?’ तो म्हणाला, ‘काका, मंजूर केला आणि उद्या कागद खोटा निघाला तर चौकशी माझी. परत पाठवला तर मला कोण विचारतो?’

या एका वाक्याने माझ्या भांडणातली हवा काढली. आपलेही असेच असणार. तोच फिरणारा गोल, तीच शेवटची तारीख, वरून साहेबाचा ‘पेंडन्सी किती?’ म्हणून फोन. हो म्हणण्यात धोका आणि नाही म्हणण्यात सुटका, अशा खुर्चीवर मला बसवले तर मीही काय करीन, सांगता येत नाही. आपल्याला वाईट म्हणायला मन धजत नाही. घाबरलेल्या माणसाला घाबरलेल्या पोरीचा अर्ज तपासायला बसवले आहे, आणि दोघांनाही घाबरवणारा कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

म्हणून मागणी एकच करतो. नवे पोर्टल नको, ॲप नको, जाहिरात तर मुळीच नको. शेऱ्याखाली आपले नाव आणि हुद्दा येऊ द्या, आणि शेऱ्यात कोणत्या कागदावरचे काय दिसले नाही ते लिहिणे सक्तीचे करा. या अर्जावर कोणाकोणाची सही आहे ते बघा. पोरीने स्वयंघोषणा दिली आहे, माहिती खोटी निघाल्यास कारवाईस पात्र राहीन म्हणून. मी सही केली आहे. तलाठ्यांचा अहवाल आहे, तहसीलदारांची सही आहे, जात वैधता समितीची आहे, कॉलेजची आहे. या सगळ्यांच्या सह्यांवर ज्याने तीन शब्दांत पाणी ओतले, त्याचीच तेवढी नाही. मंजुरीची जबाबदारी असते तशी परत पाठवण्याचीही असती, तर आपण ते बटण दाबण्याआधी दाखला एकदा मोठा करून पाहिला असता. आणि तरीही दिसला नसता तर निदान तो कंत्राटी पोरगा आणि आपण मिळून वर विचारले असते, की २५६ केबीत काय दिसावे अशी आपली अपेक्षा आहे?

दाखला पुन्हा चढवला आहे. दिसला तर ठीक, नाही दिसला तर सहीनिशी कळवा.

माझे नाव मी खाली लिहीत नाही. ते आपल्यासमोरच्या अर्जात आहे, जात, व्यवसाय, मोबाइल नंबर आणि वर्षाच्या कमाईसकट. मी आपल्यापासून काहीच लपवलेले नाही. आता पाळी आपली.

कळावे,

अर्जदाराचा बाप
मु. पो. सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया