तिसरा रकाना

आरोग्यधोरणाविषयीच्या ज्ञानाची राष्ट्राराष्ट्रांत देवघेव व्हावी या उदात्त हेतूने जी मंडळे हल्ली जागोजाग स्थापन होत असतात, त्यांपैकी एका मंडळाचा आपणांस कितपत लाभ झाला याची विचारणा करणारी एक जाडजूड प्रश्नावली, नवरात्रातील देवीच्या यात्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोच, आमच्या केडगावात येऊन पोहोचली आणि तेव्हापासून माझे चित्त तिच्या तिसऱ्या रकान्यात अडकून पडले आहे.

ज्यांच्याकडून ती भरून घ्यावयाची होती त्यांत आमच्या भागातील एका दवाखान्याच्या परिचारिकाबाईही होत्या. आपण या मंडळाच्या सभासद आहोत ही वार्ता खुद्द त्यांनाच नवी होती. गतवर्षी केव्हातरी, लसीकरणाचा वार नसल्याने बाई मोकळ्या आहेत असा वरिष्ठांचा ग्रह झाल्यावरून, त्यांना नगरात नेऊन एका पडद्यासमोर बसविण्यात आले होते. पडद्यावर निरनिराळ्या खंडांतील विद्वान एकमेकांस ‘माझा आवाज येतो आहे ना’ असे विचारीत होते. दुपारी जेवणाचे पाकीट मिळाले, हजेरीपटावर सही झाली आणि त्या सहीनिशी बाई जागतिक ज्ञानव्यवहारात रुजू झाल्या.

प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे पाच रकाने होते. पहिला ‘पूर्णतः असहमत’, पाचवा ‘पूर्णतः सहमत’ आणि मधला, म्हणजे तिसरा, ‘सहमतही नाही, असहमतही नाही’. मनुष्याचे मत पाच पायऱ्यांवर बसवून मोजण्याची ही युक्ती १९३२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जगातील कोणताही कार्यक्रम तिच्यावाचून सफल झाल्याचे ऐकिवात नाही. बाईंनी भरलेला कागद मी आदराने चाळला. ‘मंडळाच्या सहवासामुळे माझ्या निर्णयप्रक्रियेत पुराव्याधिष्ठित परिवर्तन घडून आले’: तीन. ‘मंडळात माझ्या मताचा यथोचित आदर राखला जातो’: तीन. ‘येथे झालेल्या परिचयांतून राष्ट्रांच्या सीमा ओलांडणारे सहकार्य वाढीस लागले’: तीन. ‘वरील सर्व विधाने मला नीट समजली’: तीन.

“सिस्टर, सगळीकडे तीनच?” मी विचारले.

“काका, एकवर खूण केली की खुलासा मागतात. पाचवर केली की म्हणतात, एवढं छान चाललंय तर या की सांगायला, आणि परत दिवसभर नगरात नेऊन बसवतात. तीनवाल्याला कोणी बोलवत नाही बघा.”

शासनव्यवहाराचे इतके मार्मिक विवेचन मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. ज्याने दप्तरात आयुष्य घालविले तो जाणतो, की तक्रार करणारा माणूस बारनिशीत सापडतो, स्तुती करणारा माणूस व्यासपीठावर सापडतो, आणि जो या दोहोंपैकी काहीच करीत नाही तो सायंकाळी वेळेवर घरी सापडतो. परंतु मूल्यमापन करणाऱ्या विद्वानांना हे रहस्य कोण सांगणार? त्यांच्या लेखी तीन हा आकडा म्हणजे ‘संयत अनुकूलता’, आणि संयत अनुकूलतेचा अर्थ असा, की ज्ञानाचे बीज रुजले आहे, तूर्त फक्त मुदतवाढ हवी. यात आणखी एक मौज झाली. केडगाव नावाची माझ्या माहितीतली गावे दोन आहेत. एक आमचे, नगराला लागून पुणे रस्त्यावर असलेले, आणि दुसरे दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड लोहमार्गावरचे, जेथे आमच्याकडे यावयाचे पाहुणे नेहमी उतरतात आणि मग तेथून दूरध्वनी करतात. प्रश्नावल्यांचा एक गठ्ठा शिरस्त्याप्रमाणे तिकडे गेला आणि तेथील मंडळींनीही, हे मंडळ कोणते याची यत्किंचितही चौकशी न करता, तो बिनबोभाट भरून परत धाडला. सर्वत्र तीन. दोन भिन्न जिल्ह्यांतील, एकमेकांस सर्वथा अपरिचित असलेल्या लोकांनी विधानागणिक एकच उत्तर द्यावे, हा समान ज्ञानसंस्कृती निर्माण झाल्याचा निर्विवाद पुरावा होय, असे अनुमान आता निघाल्यावाचून राहत नाही. आणि ते निघाले म्हणजे केडगाव नावाचे तिसरे गाव कोठे आहे याचा शोध घेण्यासाठी एक उपसमिती नेमावी लागेल, तिची पहिली बैठक अर्थातच जिनिव्हाकडे होईल आणि तिच्या उपयुक्ततेचेही यथावकाश पाच रकान्यांत मूल्यमापन होईल.

मूल्यमापन करणाऱ्यांची अडचण मला कळत नाही असे नाही. आमच्या गल्लीतील एखादीचे बाळंतपण सुखरूप झाले, तर त्याचे श्रेय ज्ञानाला द्यावे, डांबरी रस्त्याला द्यावे, की अपरात्री दार वाजविताच उठलेल्या रिक्षावाल्याला द्यावे, हे कोणत्या मोजपट्टीने ठरणार? ते ठरत नाही, म्हणून जे मोजता येते तेच मोजतात: सभासद किती, देश किती, बैठका किती, अहवाल किती. १९७८ च्या सप्टेंबरात आल्मा-आटा येथे देशोदेशींचे प्रतिनिधी जमले, प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला आणि २००० सालापर्यंत सर्वांस आरोग्य लाभेल अशी मुदत घालण्यात आली. दोन हजार साल आले. आरोग्य वाटेत कोठेतरी रेंगाळले असावे, म्हणून नवी उद्दिष्टे ठरली आणि मुदत २०१५ झाली. तीही सरली तेव्हा उद्दिष्टांची संख्या ८ वरून १७ करून मुदत २०३० वर नेण्यात आली. गावच्या सोसायटीत कर्जाचे असे नवेजुने कोणी केले असते तर जप्तीची नोटीस दारावर चिकटली असती.

येथवर विनोद ठीक होता. आता त्या दवाखान्यातील रक्तदाब मोजण्याच्या यंत्राकडे वळतो, आणि तेथे मला विनोद सुचत नाही. त्या यंत्राची दंडाला गुंडाळावयाची जी पट्टी असते, तिचा चिकटणारा भाग झिजून गुळगुळीत झाला आहे. फुगा दाबू लागले की ती सुटते. म्हणून बाई ती डाव्या अंगठ्याने दंडावर दाबून धरतात, दुसऱ्या हाताने फुगा दाबतात, आणि हात दोनच असल्यामुळे नळी ऐकण्याचा प्रसंग आला म्हणजे रुग्णालाच म्हणतात, “आजी, एवढं धरा जरा.” आजी धरतात. स्वतःची पट्टी स्वतःच धरून बसलेल्या, त्या खटाटोपाने स्नायू ताठलेल्या म्हातारीचा रक्तदाब काय यावयाचा? पट्टी सैल असली की आकडा वाजवीपेक्षा अधिक येतो, हे वैद्यकाचे पहिल्या वर्षाचे ज्ञान आहे; ते जाणण्यास कोणत्याही खंडाची मदत लागत नाही. तो अधिकचा आकडा वहीत जातो, वहीतून तक्त्यात, तक्त्यातून जिल्ह्याच्या गोषवाऱ्यात, आणि तेथून तो सातासमुद्रापलीकडे जाऊन ‘आकडेवारी’ या प्रतिष्ठित नावाने वावरू लागतो. एके दिवशी एखादा विद्वान विचारील, की या परिसरात रक्तदाब इतका का? मग निबंध वाचले जातील. कोणी म्हणेल मीठ, कोणी म्हणेल शेजारच्या नेप्तीच्या कांदा बाजारातील भावांची चिंता (हे मात्र अगदीच खोटे ठरणार नाही), कोणी सामाजिक ताणतणावांची मीमांसा करील. आणि ज्या पट्टीच्या झिजण्यातून ही सर्व विद्वत्ता प्रसवली ती पट्टी एका वृद्धेच्या अंगठ्याखाली तशीच लोंबत राहील. देशादेशांतून ज्ञान वाहून आणणाऱ्यांनो, तुमच्या एका दिवसाच्या विमानभाड्यात किती पट्ट्या येतील याचा हिशेब कधी मांडला आहे काय? दवाखान्यात काय तुटले आहे हे जिला रोज दिसते, तिला तुम्ही बावीस प्रकारे विचारता की आमच्यापासून तुम्ही काय शिकलात. तिच्यापासून तुम्ही काय शिकलात, हा प्रश्न त्या जाडजूड कागदांत एकदाही नाही. लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि तिच्यापुढे पाच रकाने आखले तरी मी पाचव्यावरच खूण करीन.

अगदीच नाही म्हणता येणार नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी ‘इतर काही सूचना असल्यास’ असे म्हणून दीड ओळ मोकळी सोडलेली होती. बाईंनी त्या दीड ओळीत सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘बीपीच्या मशीनची पट्टी बदलून मिळावी.’ माझ्या आग्रहावरून त्याच आशयाचा एक स्वतंत्र अर्जही त्यांनी रीतसर वरिष्ठांमार्फत पाठविला. प्रश्नावलीचे उत्तर अद्याप नाही. अर्ज मात्र गेल्या आठवड्यात परत आला, आणि त्याच्या समासात तांबड्या शाईने शेरा आहे: ‘सदर मागणी ज्ञानविषयक नसल्याने विचारात घेता येत नाही. सबब दप्तरी दाखल.’