खुर्द गाव, बुद्रुक खर्च

नागपूरहून सकाळी साडेसहाला सुटणारी आमची सहलीची बस सव्वाआठला सुटली. मागच्या सीटवरचे काका तणतणले, तर मार्गदर्शक शांतपणे म्हणाला, "काका, आपण गोसीखुर्द धरणावर चाललो आहोत. वेळापत्रक त्याला शोभेल असंच ठेवलंय."

आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम. थांबा पंधरा मिनिटांचा, म्हणजे नदीमागे तीन मिनिटं. त्यातली दहा नव्या पुलासमोर सेल्फीत गेली. पवनीत बस थांबलीच नाही. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात सापडलेला, दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप "तिकडं आहे" एवढं कळलं. पूर्ण झालेलं बांधकाम बघण्यात कसलं नवल?

मग धरण. मार्गदर्शकाने माइक फुंकला. "हे 33 दरवाजे. पायाभरणी 1988 ला, पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते. मूळ किंमत 372 कोटी. पुढं ती 18,000 कोटींच्या वर गेली. फोटो काढून घ्या."

"खुर्द म्हणजे धाकटं ना हो?" एका आजींनी विचारलं.

"गाव खुर्द आहे आजी. खर्च बुद्रुक."

2009 मध्ये या धरणाला राष्ट्रीय प्रकल्पाचा मान मिळाला, हेही त्याने छाती फुगवून सांगितलं. राष्ट्रीय पक्षी निदान पावसाळ्यात तरी नाचतो, असं माझ्या मनात आलं. पण बसचं भाडं आगाऊ भरलेलं होतं, म्हणून गप्प बसलो.

"पाणी असं हिरवट का?" धरमपेठेतल्या एक वहिनी नाक मुरडत म्हणाल्या.

"तुमचंच आहे, वहिनी. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. तुम्ही आज आलात; तुमचं सांडपाणी रोज येतं."

वहिनींनी रुमाल नाकाला लावला आणि सेल्फी मात्र पाण्याकडे पाठ करूनच काढली.

अडीच लाख हेक्टर भिजवायला निघालेले कालवे आजच्या कार्यक्रमात नव्हते. कुणीतरी विचारलं, तर "पुढच्या टप्प्यात" असं उत्तर आलं. हा माणूस पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेला असावा.

टपरीवर चहा घेताना मी चहावाल्याला विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" त्याने कप विसळता विसळता पाण्याकडे हनुवटी केली.

"थे तिकडं. पाह्याचं असंल तं उन्हाळ्यात या, भाऊ. पानी उतरलं का आमच्या घराचा ओटा दिसते."

मार्गदर्शकाने खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं : 'उन्हाळा विशेष. बुडालेलं गाव. चहा धरून.'