घोडीला शिव्या देऊ नका

जुन्नर-आंबेगावचा माणूस कबड्डी बघत मोठा होतो. म्हणून फुटबॉलमध्ये एकच पोरगा पुढे ठेवलेला दिसला की त्याला तो चढाईला गेलेला गडी वाटतो. पोरगा दोघा-तिघांत अडकला, चेंडू गेला, की बाहेरून सुरू : ‘काढा त्याला, काही कामाचा नाही!’ गेल्या महिन्यात एका शाळेच्या मैदानावर हेच ऐकलं आणि राग आला. तो अजून गेलेला नाही.

कबड्डीत चढाईला गेलेल्याच्या मदतीला कोणी जाऊ शकत नाही, नियमच तसा. फुटबॉलात असा नियम नाही. चार बचावाला, पाच मधल्या फळीत आणि एक पुढे, अशी मांडणी केली म्हणून तो एकटा दिसतो. गोल मारणं हे त्याचं नंतरचं काम. आधी मागून उंच आलेला चेंडू छातीवर घ्यायचा, पाठीला चिकटलेला आडदांड बचावपटू अंगाने थोपवायचा आणि चार-पाच सेकंद चेंडू सोडायचा नाही. तेवढ्यात मधल्या फळीतले दोघे धावत पोहोचले पाहिजेत. नाहीच जमलं तर निदान थ्रो-इन किंवा फ्री किक मिळवायची, म्हणजे मागच्यांना दम खाता येतो. चेंडू समोरच्यांकडे असला की त्यांच्या दोन मधल्या बचावपटूंच्या मध्ये घुसून खेळ एका कडेला लोटायचा. या कष्टाची नोंद गोलफलकावर होत नाही.

दाखलाच हवा तर आपल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटातला घ्या. बैलगाड्यापुढे घोडी पळते. सेकंद मोजतात ते गाड्याचे, घोडीचे नव्हेत. घोडी फार लांब निघून गेली तर बैलांना तिची ओढ राहत नाही. अंगावर आली तर तीच आडवी येते. बारी, म्हणजे गाड्याची धाव, बिघडली म्हणून नुसत्या घोडीला शिव्या देणारा माणूस घाटात अडाणी ठरतो. जाणता माणूस मधलं अंतर बघतो. फुटबॉलात पुढचा एकटा पोरगा म्हणजे ही घोडीच.

६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत भारत फिफाच्या विश्वचषकात पहिल्यांदा खेळला, सतरा वर्षांखालील मुलांच्या. समोर अमेरिका. प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस यांनी बचाव दाट ठेवला आणि पुढे एकटा उभा केला कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. भारत ०-३ हरला. दोन गोल मागे असताना भारताच्या अन्वर अलीचा फटका आडव्या खांबाला लागून परत आला आणि त्याच उलट धावेत अमेरिकेने तिसरा गोल केला. पुढे माणसं गेली की मागे भगदाड, मागे राहिली की पुढचा उपाशी. हा पेच त्या दिवशी सुटला नाही. त्याचं खापर एका कोल्हापुरी पोरावर फोडणं मला मान्य नाही.

आता १० सप्टेंबर २०१९, दोहा. भारतासमोर त्याच वर्षीचा आशियाई विजेता कतार. नेहमी पुढे खेळणारा सुनील छेत्री आजारी, म्हणून पुढे मनवीर सिंग. मागे संदेश झिंगनच्या जोडीला मुंबईचा राहुल भेके आणि गोव्याचे आदिल खान, मंदार राव देसाई. कतारने २७ फटके मारले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू भिंतीसारखा उभा राहिला, हे खरंच. पण संघाने नव्वद मिनिटं दोन फळ्यांमधली फट वाढू दिली नाही, हेही तितकंच खरं. सामना ०-० सुटला. मनवीरने गोल केला नाही, तरी त्या रात्री त्याला कोणी बिनकामाचा म्हणालं नाही.

तेव्हा मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूरच्या क्रीडाशिक्षकांना हात जोडून सांगतो. सरावात चेंडू पुढे गेला की मोठ्याने पाचपर्यंत मोजा. पाच म्हणायच्या आत दोघे जण पुढच्याजवळ पोहोचले नाहीत, तर खेळ थांबवा आणि त्या दोघांना बोला. पुढच्या पोराला नको.