ओहोटीचं वेळापत्रक

हॉलंड-जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर वाडन समुद्र दिवसातून दोनदा मागे सरतो आणि हौशी मंडळी वाटाड्या घेऊन उघड्या चिखलातून चालत सुटतात. त्या चिखलाला 2009 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आमच्या इंदापूर तालुक्यालाही किनारा आहे, फक्त समुद्र नाही. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी तालुक्याच्या कडेनं पसरलंय. इथली ओहोटी वर्षातून एकदाच, आणि तिची वेळ चंद्र नव्हे, कालवा सल्लागार समिती ठरवते.

पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. एकीकडे शेतकरी मोटारीचे पाइप वाढवत पाण्यामागे धावतोय, दुसरीकडे पाहुणे शिखराशी सेल्फी काढतायत. दुष्काळ जितका कडक, तितका फोटो झकास!

उजनीच्या दलदलीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचंही तसंच. पाऊस दणकून झाला की दलदल लवकर उघडी पडत नाही, पक्षी उशिरा येतात. मग पक्षी बघायला निघालेल्या कुंभारगावच्या होडीत शहरी सुस्कारा ऐकू येतो, ‘यंदा पाणी जरा जास्तच आहे हो!’ बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, टँकरची वाट बघणाऱ्या एखाद्या वस्तीवर हे वाक्य बोलून दाखवावं. भिगवणला मासळीचं ताट मात्र दोन्ही हंगामांत मिळतं.

यंदा जाणार असाल, तर होडीचा भाव पाडताना होडीवाल्याला एवढंच विचारा : तुमची जमीन यातल्या कुठल्या पाण्याखाली गेली?