ऊन इकडे, पाणी तिकडे

दुष्काळ म्हटलं की गोव्यातल्या आमोण्यातला माणूस घाटापलीकडे बोट दाखवतो. तो सोलापूरकडचा प्रकार! आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटर पाऊस. त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि ओहोळांतून पळून जातो, ही बारीकसारीक गोष्ट.

भाताला पाणी लागतं, तितकंच ऊनही. सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताला पाणी मुबलक, पण ढगांमुळे ऊन अर्धपोटी. वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला ऊन हवं तेवढं, म्हणून पाणी असेल तर पीक सरदापेक्षा सरस उतरतं. देवाने दोन्ही दिलं, फक्त एकदम नाही. मधली जागा पाणी साठवणाऱ्याची, ती रिकामी. 

सरकारी फाईल अडली, ओहोळावरच्या बंधाऱ्याच्या फळ्या उशिरा बसल्या की वायंगणाची पेरणी लांबते आणि फुलोरा मार्चच्या तापात सापडतो. पारा 35 अंशांपुढे गेला की परागीभवन बिघडतं, दाणे पोचट राहतात. फाईलला मात्र ऊन लागत नाही.

आमोण्याच्या दारात मांडवी आहे ना? आहे. पण वरून येणारं गोडं पाणी आटलं की भरतीबरोबर खारं पाणी वर चढतं. नदी भरलेली, मळा तहानलेला. त्यापेक्षा पणजीतल्या तरंगत्या कॅसिनोंचं बरं, त्यांना खारंही चालतं.

पेडणे-डिचोलीची भिस्त तिळारीच्या कालव्यावर. तो अधूनमधून फुटतो. मग शेतासकट नळही कोरडे. विहिरींवर विसंबावं, तर डिचोलीतल्या शिरगावात खाणी भूजलाच्या खाली खोदल्या, खंदकांतलं पाणी उपसून फेकलं, विहिरी आटल्या. आता टंचाईवर तोडगा म्हणून खाणींच्या खंदकांतलंच पाणी सुचवलं जातं. आधी विहीर घ्यायची, मग खड्डा दाखवायचा!

म्हादई म्हणजे वरची मांडवीच. तिच्या पाणीवाटप लवादाने 2018 साली कर्नाटकाला 13.42 आणि गोव्याला 24 टीएमसी दिलं. आम्ही सर्वोच्च न्यायालयात गेलो. योग्यच केलं, कर्नाटकाला मोकळं सोडून चालणार नाही. पण आपल्या वाट्याच्या पाण्यातून आमोण्याच्या मळ्यात किती पोहोचणार, हे विचारायला कोणी मोर्चा काढत नाही. घोषणा देऊन घसा सुकला की घरी जाताना भाजीच्या गाड्यावर थांबायचं. तिथे टोमॅटो बेळगावचे, मिरच्या बेळगावच्या, कोबीही बेळगावचा. कर्नाटकाला पाणी देणार नाही म्हणजे नाही. भाजी तेवढी वेळेवर पाठवा.