आम्ही काहीच देत नाही, डॉक्टर

आमचे दाजी सरकारी नोकरीत होते तोवर त्यांच्या पेशंटला नाव नसायचं. असलंच तर ‘थोरली म्हस’, ‘तांबडी गाय’, ‘ते मारकं खोंड’. पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका गाळ्यात छोट्या प्राण्यांचा दवाखाना काढला, आणि केसपेपरवर एकदम ब्रूनो पाटील, सिंबा घाटगे, मनी कुलकर्णी अशी मंडळी दिसू लागली. आडनाव लावायची कल्पना दाजींची नव्हे. काउंटरवरच्या पोराने पहिल्याच आठवड्यात ‘पेशंटचं नाव?’ विचारलं, समोरच्या बाई ‘ब्रूनो’ म्हणाल्या. तो लिहून थांबला तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘पुढं पाटील घाला की.’

मी संध्याकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसतो. माझ्याकडे ना कुत्रं ना मांजर. आठला शटर खाली आलं की आम्ही दोघं गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जातो, एवढाच माझा त्या जागेशी संबंध. पण प्राण्यांच्या दवाखान्यात रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाबद्दल लोकांना फार कुतूहल. ‘तुमचं कुठलं?’ असं एका ताईंनी विचारलं. ‘माझं काही नाही,’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. हळूच म्हणाल्या, ‘अरेरे. कधी गेलं?’

तर या बाकावर बसून माझं एक मत बनलं आहे. इथे येणारी माणसं तोंडाने सल्ला विचारतात, पण त्यांना हवी असते निर्दोष सुटका. रोगाचं नाव कळलं नाही तरी चालेल, त्यात आपला हात नाही एवढं डॉक्टरांनी घरच्यांसमोर म्हणावं. म्हणून तर प्रत्येक तक्रारीची सुरुवात ‘तसं आम्ही काहीच केलं नाही, पण’ अशी होते.

मध्यंतरी एक लॅब्रॅडॉर आला. आला म्हणजे तिघांनी मिळून पायऱ्या चढवला. काट्यावर ४५ किलो. या जातीचा धडधाकट नर तीस ते छत्तीस किलोंत बसतो. तक्रार अशी की उठताना कण्हतो आणि मागचा पाय ओढतो.

‘काय खातो?’ दाजींनी विचारलं.

‘काहीच नाही हो डॉक्टर. सकाळी एक चपाती.’

‘दोन,’ मुलगा म्हणाला.

‘दोन, पण कोरड्या.’

‘कोरड्या कशाला देईन बाळाला?’ आजी खुर्चीतूनच म्हणाल्या. ‘तूप लावून देते.’

मग उलटतपासणी चालली. सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं. किती? एकच पुडा. छोटा? ‘फॅमिली पॅक स्वस्त पडतो.’ दुपारी दहीभात, कारण त्याला उष्णता होते. आणि कोल्हापूरचं घर म्हटल्यावर रविवारी मटण. ‘पण रस्सा नाही देत हां डॉक्टर, फोडी धुऊन देतो.’ त्यावर दाजींनी सांगितलं की कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा रश्श्यात शिजलेली फोड धुतली तरी नको. मटण द्यायचंच तर नुसतं उकडून, हाड काढून. गृहस्थांना हे पटेना. मटण चालतं आणि कांदा-लसूण चालत नाही, असलं पथ्य त्यांच्या उभ्या खानदानात कुणाला पडलं नव्हतं. आजी मात्र शेवटपर्यंत ठाम होत्या. ‘बिस्कीट म्हणजे काय खाणं नव्हे. ते आपलं तोंडात टाकायला.’

यात पेशंटची मदत होईल म्हणावं तर तोही उलटतो. चार दिवस घरात तीन पायांवर चालणारं कुत्रं दवाखान्याचा उंबरा ओलांडला की चारही पाय टेकून कवायत करतं. नव्या जागेची धास्ती, अनोळखी वास, समोर एक गुरगुरणारा डॉबरमन. एवढं अंगावर आल्यावर दुखणं तेवढ्यापुरतं मागे पडतं. मालक बिचारे ‘घरी खरंच लंगडतो हो’ म्हणून शपथा घेतात. दाजी आता त्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढून आणायला सांगतात. मांजराचं याहून अवघड. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभावच, आणि फुरफुर करतं म्हणजे मजेत आहे असंही नाही. दुखत असताना, भेदरलेलं असतानाही मांजर फुरफुरतं.

स्वतःला सोडवून घ्यायचं तर दुसरा कुणीतरी आरोपी लागतो, आणि तो बोलता येत नसलेला असला तर फारच सोयीचं. स्वभावाच्या तक्रारी घेऊन येणारे बहुतेक सगळे याच वाटेने येतात. एक जोडपं मांजर घेऊन आलं. ती गादीवर शू करते. ‘मुद्दाम करते डॉक्टर. आमचं बाळ झाल्यापासून सूड घेतेय.’ दाजींनी सुडाची चौकशी केली नाही. विचारलं, ‘तिचा मातीचा ट्रे कुठे असतो?’ पूर्वी बेडरूमच्या कोपऱ्यात होता, बाळ आल्यावर वॉशिंग मशीनशेजारी गेला. ‘आणि माती कधी बदलता?’ यावर नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने बाळाकडे. मांजराला घाण ट्रे चालत नाही आणि धडधडणाऱ्या मशीनशेजारी तर अजिबात नाही. घरात त्यातल्या त्यात मऊ आणि शांत जागा गादीची होती, तिने ती निवडली.

या विषयात एका ठिकाणी मात्र दाजी थट्टा बाजूला ठेवतात. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय आणि थेंबभरच होतंय, असं कुणी म्हणालं की रांग तिथल्या तिथे मोडते. मालकाला वाटतं बद्धकोष्ठ झालं किंवा खोडी काढतोय. लघवीचा मार्ग तुंबलेला असतो, आणि तो वेळेत मोकळा केला नाही तर एक-दोन दिवसांत बोका जातो. अशा वेळी ब्रूनो पाटलांनासुद्धा ताटकळावं लागतं. रेबीजचंही तसंच. पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की लस आणि पुढे वेळेवर बूस्टर, यात ‘आमचा घरातच असतो, बाहेर जातच नाही’ ही सबब चालत नाही. कुणाला कुत्रं चावलं आणि त्यावर मिरचीपूड भरून आला असेल तर दाजी आधी त्याला मोरीत नेऊन जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायला लावतात आणि मग ‘माणसांच्या दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता’ म्हणून पिटाळतात.

कुत्र्याच्या बाबतीत आरोप सिद्ध करायला एक ठरलेला पुरावा सगळे देतात. चेहरा. ‘त्याला कळतं हो काय केलंय ते. मी घरात पाऊल टाकलं की कान पाडून, डोळे चुकवून कोपऱ्यात बसतो.’ एका बीगलच्या मालकाने असा फोटोच आणला होता: मागे फाडलेला सोफा, पुढे खाली मान घातलेला संशयित. दाजींनी त्यांना न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २००९ सालचा प्रयोग सांगितला. मालकाने कुत्र्याला ‘खायचं नाही’ बजावून खाऊ समोर ठेवायचा आणि बाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगितलं जाई की कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, आणि ते प्रत्येक वेळी खरंच असे असं नाही. निघालं असं की अपराधी चेहऱ्याचा गुन्ह्याशी काही संबंध नाही. मालक रागावला की तो चेहरा होतो. उलट ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचेच चेहरे जास्त पडलेले होते.

मालकांनी फोटो परत खिशात घातला. ‘मग सोफा का फाडतो?’

‘तुम्ही दोघं किती वेळ बाहेर असता?’

‘दहा तास. २०२०च्या टाळेबंदीत आणला तेव्हा दोघंही घरूनच काम करत होतो.’

‘आणि दिवसभर तो काय करतो?’

‘काही नाही.’

‘तेच,’ दाजी म्हणाले.

खऱ्याखुऱ्या कायद्याची भीती बाळगून येणारे फक्त राघूवाले. पिशवीत पिंजरा, पिंजऱ्यावर टॉवेल, आणि पहिलं वाक्य ‘शेजाऱ्यांचा आहे’. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आपल्याकडचा पोपट त्या कायद्याने घरात ठेवता येत नाही, हे ‘विठू विठू’ शिकवताना कुणाच्या ध्यानात नसतं. तो पिसं उपटायला लागला की येतं. दाजी पोपट तपासतात, वन खात्याचा रस्ता सांगतात आणि शेजारी कुठे राहतात ते विचारत नाहीत.

दवाखान्यात यायच्या आधी काय-काय होऊन गेलेलं असतं हा एक निराळाच खातेनिहाय चौकशीचा विषय आहे. अंग गरम लागलं म्हणून काखेत थर्मामीटर धरतात आणि १०२ म्हणून घाबरतात. कुत्र्याचं तापमान मुळात १०१ ते साडेएकशेदोन, आणि थर्मामीटर लावायची जागा काख नव्हे. मग घरातलीच पॅरासिटामॉलची गोळी. कुत्र्यालाही ती बाधू शकते. मांजराचं शरीर तर ती पचवूच शकत नाही, एका गोळीनेसुद्धा त्याच्या जिवाशी येतं. हे सगळं करून झाल्यावर ‘आधी काय दिलंत?’ या प्रश्नाचं उत्तर अर्थातच ‘काही नाही’.

शहरी माणसांनाच हे व्यसन असावं असा माझा समज होता. तो गंगावेशीत गेला. कट्ट्यावर दाजींना सगळे ओळखतात, आणि ग्लास हातात यायच्या आत कुणीतरी गाठतंच. गवळी मोजकं बोलतो. ‘डाक्टर, म्हस कालधरनं वैरण खाईना झालीया. रवंथ न्हाई. डावी कूस फुगलीया.’ तीन वाक्यांत निम्मं निदान. बारसं, वाढदिवस, आवडतं गाणं, काही मध्ये येत नाही. मला वाटलं, चला, इथं तरी सरळ कारभार.

‘आधी काय पाजलंस?’ दाजींनी विचारलं.

‘काय न्हाई वो.’

‘मग हिंगाचा वास कुठनं यायला लागलाय?’

गवळ्याने हाताचा वास घेतला. गोडंतेल आणि हिंग पाजून झालं होतं, त्याआधी कुणा पाव्हण्याने सांगितलेला काढाही. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून हीच म्हस त्याच्या हाकेसरशी सगळ्या पेठेतून पळवायची असते. तिला काही झालं तर भावकीला तोंड दाखवता येणार नाही. तेव्हा ‘काय न्हाई’ म्हणण्यामागे त्याचंही सुटकेचंच कलम होतं.

दाजींचं म्हणणं, हे फार जुनं आहे. हत्तींच्या रोगांवर ‘हस्त्यायुर्वेद’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, त्याची मांडणीच प्रश्नोत्तरांची. अंगदेशाचा राजा रोमपाद विचारतो, पालकाप्य मुनी सांगतात. त्यातली कथा अशी की हत्ती पिकं तुडवतात म्हणून राजाने त्यांना रानातून धरून आणवलं. हत्तींबरोबर वाढलेला पालकाप्य त्यांना शोधत आला आणि मुकाट्याने त्यांच्या जखमांना औषध लावू लागला; कोण, कुठचा, विचारलं तरी आधी उत्तर देईना. ‘मला विचारशील तर,’ दाजी दुधाची मिशी पुसत म्हणाले, ‘राजाचं पहिलं वाक्य लिहून घेणाऱ्याने गाळलंय. तसं आम्ही काहीच केलं नाही, हे ते वाक्य.’ साठमारीत हत्ती झुंजवलेल्या गावात हे बोलणं जरा हळू आवाजात चाललं होतं.

दाजींकडे मोठ्या कुत्र्यांसाठी सपाट काटा आहे, पण मांजर त्यावर उभं राहत नाही. ते उडी मारून औषधांच्या कपाटावर बसतं. त्यामुळे तिथली पद्धत अशी की मालकाने मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग मांजराविना, आणि वजाबाकी करायची. काउंटरवरचं पोरगं आकडे खणखणीत आवाजात वाचतं. पूर्वी या वेळी बाकावर फार शांतता पसरायची. हल्ली बायका शहाण्या झाल्या आहेत, नवऱ्याला बरोबर आणतात.

मागच्या आठवड्यात मनी कुलकर्णींच्या घरच्यांनीही तेच केलं. मनीने दोन दिवस खाल्लेलं ओकलं होतं. काकूंनी तिला यजमानांच्या हातात दिलं आणि स्वतः तीन पावलं मागे सरकल्या. ‘मनीसकट त्र्याण्णव दोनशे!’ पोरगं ओरडलं. मनी काकूंकडे गेली. ‘नुसते काका एकोणनव्वद!’

काकांनी कुणीही न विचारता खुलासा केला, की बूट घातलेत आणि खिशात किल्ल्या आहेत. मनीचं पोट दाबून बघत दाजींनी सवयीने विचारलं, ‘खाण्यात वेगळं काही?’

‘काहीच नाही,’ काका म्हणाले.

‘तिला विचारतायत ते,’ काकू म्हणाल्या.

दाजींनी कागदावर चार किलो दोनशे एवढं लिहिलं आणि वजाबाकीचे वरचे दोन आकडे खोडायला पेन उचललं.

‘खोडू नका डॉक्टर,’ काकू घाईने पुढे आल्या. ‘त्याची मला एक झेरॉक्स हवीय.’